राहतं घर विकायला काढताना: आधी ओल, मग उजेड, रंग शेवटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बेळगावच्या शहापुरात गल्लीतलं वडिलांचं घर, १९८०च्या सुमाराचं. खाली तीन खोल्या, वर दोन, पुढच्या भागावर स्लॅब, मागच्या स्वयंपाकघरावर मंगळुरी कौलं, परड्यात विहीर. वडील गेले, आई अजून तिथेच राहतात, त्यांना आता पुण्याला न्यायचं ठरतंय. तुम्ही दोघे भाऊ पुण्यात, बहीण निपाणीत. गेल्या पावसाळ्यापासून माणसं येऊन बघून जातात, ‘कळवतो’ म्हणतात आणि पुढे काही होत नाही. ओळखीच्या एकाने सांगितलं की मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करून घ्या, पाच-सहा लाख जातील पण घर उठून दिसेल. तर ते करावं का?

करू नका. मी बेळगावात बरीच वर्षं घरांचे व्यवहार जुळवते आणि त्याआधी घरदुरुस्तीची कामं घेत होते. अशा घरात घातलेले किचनचे पैसे किमतीत परत आलेले मला आठवत नाहीत. घेणारी बाई आपल्या पद्धतीने ओटा करणारच असते, आणि फॉल्स सीलिंग बघितलं की बरोबर आलेला गवंडी पहिला प्रश्न विचारतो, ‘वर काय झाकलंय?’ आपल्याकडे घर घ्यायला एकटं कुणी येत नाही. सासरे, मेहुणा, एखादा मिस्त्री असं कुणीतरी बरोबर असतं आणि ती माणसं शंका शोधायलाच आलेली असतात. पावसात हे घर कसं असतं? पाणी कसं आहे? आणि सहीला घरातले सगळे येणार ना? या तिन्हींची उत्तरं त्यांनी विचारायच्या आधी घरात दिसली पाहिजेत. घर विकायला तयार करणं म्हणजे माझ्या मते एवढंच, आणि हे काम सजावटीपेक्षा कष्टाचं पण बरंच स्वस्त आहे.

काहीही हात लावायच्या आधी एक गोष्ट ठरवा. तुमचं घर राहायला घेतलं जाणार आहे की पाडायला? खडेबाजार, गणपत गल्लीच्या बाजूला मातीच्या भिंतींचं, अरुंद तोंडाचं जुनं घर असेल तर घेणारा जागा घेतो. तिथे रंगावर रुपया घालू नये. सिटी सर्व्हेकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा स्पष्ट कराव्यात, सामायिक भिंत कोणाची आणि कुठवर हे शेजाऱ्यांशी बोलून कागदावर घ्यावं, मागचा पालापाचोळा आणि अडगळ काढून जागा मोकळी दाखवावी. तेवढं पुरतं. तुमचं घर तसं नाही. स्लॅब, पाच खोल्या, विहीर, म्हणजे कुणीतरी त्यात राहायला येईल. कोण येईल याचाही अंदाज बांधता येतो. खानापूर किंवा चंदगडकडची माणसं मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी इथे घर बघतात. उद्यमबागमध्ये कारखान्यात किंवा फाउंड्रीत काम करणारे असतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन इथेच स्थायिक होणारे जवान असतात. वडगाव-खासबागचे मागवाले असतात, त्यांना खाली माग बसेल का आणि थ्री फेज वीज मिळेल का एवढंच बघायचं असतं. गोव्याकडची माणसंही हवेसाठी येतात, पण ती शक्यतो टिळकवाडी, हिंदवाडी किंवा हिंडलग्याच्या बाजूला बघतात. शहापूरच्या गल्लीत येणारा घेणारा हिशेबी आणि कुटुंबवत्सल असतो. त्याला झुंबर नको असतं, कोरडी भिंत हवी असते.

तर पहिलं काम ओलीचं. तुमच्याकडे माणसं पावसाळ्यात येऊन गेली आणि परत आली नाहीत, यातच मला निम्मं उत्तर दिसतं. बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून झडीने येतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेची भिंत सतत मार खाते, म्हणून तर आपल्याकडे जुन्या घरांच्या त्या अंगाला पत्रे मारलेले दिसतात. पण सगळी ओल एकाच कारणाची नसते आणि इथेच लोक पैसे वाया घालवतात. डाग कुठे आहे ते बघा. छताच्या कडेला, कठड्याच्या खाली डाग असेल तर पाणी स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यातून किंवा तुंबलेल्या पन्हाळीतून येतंय. भिंतीच्या मधोमध, खिडकीच्या कोपऱ्यापाशी असेल तर बाहेरच्या गिलाव्याला बारीक तडे आहेत. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवर, बारा महिने, असेल तर नळाची पाइप. आणि जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत, पांढरा लोणा धरून, गिलावा पापुद्र्यांनी सुटत असेल तर ओल जमिनीतून चढते आहे.

ही शेवटची ओल शहापूरसारख्या जुन्या वस्तीत फार दिसते. गल्लीचा रस्ता दरवेळी जुन्यावर नवा थर घालून होत गेला आणि वर आला. पूर्वी जोतं दोन पायऱ्या उंच होतं, आता उंबरा जवळजवळ रस्त्याच्या पातळीला आहे. पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी थांबतं. तुमच्या घराची अशी स्थिती असेल तर आधी दारापुढचा उतार गटाराकडे करून घ्या, गटार मोकळं आहे ना बघा. मग आतला लोणा लागलेला गिलावा खरवडायचा नाही, पूर्ण काढायचा, ओलीची रेघ दिसते तिच्याही वर दीड फूट. विटा किंवा जांभा उघडा ठेवून निदान महिनाभर वाळू द्यायचा. कोरड्या ब्रशने क्षार झटकत राहायचं, पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. मग नवा गिलावा, तो पुरता सुकल्यावर रंग. घाईने पुट्टी आणि वर चकचकीत रंग मारला तर पहिल्याच पावसात फुगा येतो. तो फुगा इसार दिलेल्या माणसाने बघितला तर व्यवहार तिथेच मोडतो.

स्लॅबची परीक्षा घरीच होते. पावसाळा संपल्यावर गच्चीची तोंडं कापडाने बंद करा, दीड-दोन इंच पाणी साठवा, दिवसभर-रात्रभर ठेवा आणि खाली छताला कुठे डाग उठतो ते खडूने आखा. तेवढ्याच जागेची दुरुस्ती करा. सगळ्या गच्चीवर डांबरी शीट अंथरायला सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका. कौलांची शाकारणी मात्र पूर्ण करून घ्या. फुटकी कौलं बदला, वासे आणि रिपा वाळवीसाठी टोचून बघा, एखादी रीप खाल्लेली असेल तर आत्ताच काढा. या कामाला कुशल माणूस हल्ली पटकन मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा.

आता एक सांगते ते लोकांना उलटं वाटतं. ओल दुरुस्त केल्यावर पुढच्या पावसाळ्यात घर दाखवायला घाबरू नका. आईंना किंवा शेजाऱ्यांना सांगून जोराच्या पावसात फोनवर चित्रण करून ठेवा: गल्ली, उंबरा, पश्चिमेची भिंत आतून, स्वयंपाकघराचं छत. तारखेसकट. ऑगस्ट २०१९मध्ये शहरातल्या सखल भागांत घरांत पाणी शिरलं, त्यानंतर बळ्ळारी नाल्याच्या बाजूचं घर बघणारा प्रत्येक जण ‘तेव्हा काय झालं होतं?’ हे विचारतोच. शिरलं नसेल तर ठामपणे सांगा. शिरलं असेल तर किती इंच आणि त्यानंतर काय केलं तेही सांगा. गल्लीत हे कुणाला विचारलं तरी कळतं, लपवलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही.

पाण्याचं तसंच. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. काही वॉर्डांत २००८च्या सुमारापासून चोवीस तास आहे, बाकी ठिकाणी काही दिवसांआड. तुमच्या गल्लीत कसं येतं ते स्पष्ट सांगा आणि विहीर समोर आणा. विहीर ही तुमच्या घराची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि बहुतेक वेळा तिच्यावर पत्रा टाकून वर जुन्या कुंड्या रचलेल्या असतात. उपसा करून गाळ काढा, लोखंडी जाळी बसवा, काठाभोवतीचा कोबा नीट करा, पाणी तपासून अहवाल घ्या. एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी दिसेल असा फोटो काढून ठेवा. मे महिन्यात पाणी असलेली विहीर दाखवली की गिऱ्हाइकाच्या बरोबरच्या बायका आपापसात बोलायला लागतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

फरशीबद्दल कळकळीने सांगते. तुमच्या घरात पुढे मोझॅक आणि मागे शहाबादी असणार. त्यावर टाइल चढवू नका. चढवली की उंबरे बुडतात, दारं खालून कापावी लागतात आणि घर बुटकं वाटतं. स्वच्छ करायला ॲसिड तर मुळीच मारू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी. दोन्हींना ॲसिड खातं, झिलई जाते आणि पुढे डाग कायमचा धरतो. मशीनने पॉलिश करून घ्या, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरा. चाळीस वर्षं वापरलेली मोझॅक पॉलिशनंतर अशी निघते की घरच्यांनाही ओळखू येत नाही. लाल कोबा असेल तर साबणाच्या पाण्याने घासून मेण लावलं तरी पुरे. दाराच्या चौकटींवर ऑइलपेंटचे थर चढलेले असतात, ते निदान पुढच्या दारापुरते तासून काढा. आपल्याकडच्या त्या काळातल्या घरांना बऱ्याचदा खरं सागवान असतं. ते दिसलं की घर कुणीतरी मन लावून बांधलंय हे सांगावं लागत नाही.

गल्लीतल्या घराची पुढची अडचण मधल्या खोलीची. दोन्ही बाजूला सामायिक भिंती, म्हणजे उजेड फक्त पुढून आणि मागून. त्यात माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी, जुन्या गाद्या, लग्नातल्या ट्रंका. माळा रिकामा करा. शक्य असेल तर मधल्या खोलीतला लाकडी माळा काढूनच टाका, डोक्यावरची दोन-तीन फूट उंची परत मिळते. स्वयंपाकघराच्या छतात तीन-चार काचेची कौलं घाला, खर्च फार थोडा आणि सकाळी ओट्यावर ऊन पडतं. मधल्या दारावर जाळीचं शटर असेल तर रंगाचा थर घासून जाळी मोकळी करा. भिंतींना एकच फिका रंग, सगळीकडे. प्रत्येक खोलीला वेगळा रंग दिला की लहान घर आणखी तुकड्यांत दिसतं. जुनी लाकडी पट्टीवरची वायरिंग असेल तर तेवढी बदलून मुख्य बोर्डाला शॉक लागताच वीज तोडणारं यंत्र बसवा. भिंती फोडायचं हे काम रंगाच्या आधी उरकायचं.

आई पुण्याला गेल्यावर घर बंद राहील, तेव्हा एक त्रास नक्की सुरू होईल: वास. लोक त्यावर फिनेल ओततात, उदबत्त्या लावतात आणि येणाऱ्याला वाटतं की काहीतरी दाबलं जातंय. बंद घरात घाण वास येण्याचं साधं कारण असं की न्हाणी, संडास आणि मोरीच्या जाळीखाली वाकवलेल्या नळीत जे पाणी थांबलेलं असतं ते काही आठवड्यांत उडून जातं. ते पाणीच गटाराचा वास अडवत असतं. आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला शेजारच्या कुणाला तरी सांगा, वरून चमचाभर खोबरेल टाकलं तर पाणी आणखी टिकतं. आणि माणसं यायच्या दिवशी दोन तास आधी पुढची-मागची दारं उघडी ठेवा.

पण माझं मत विचाराल तर आई तिथे असतानाच घर दाखवा. राहत्या घराला जो जिवंतपणा असतो, चुलीवर दूध, तुळशीला पाणी, धुतलेलं अंगण, तो रिकाम्या खोल्यांत येत नाही. मात्र त्यांना त्रास होता कामा नये. दिवस ठरवून घ्या, आठवड्यातले दोन, सकाळी दहा ते बारा. त्या वेळी पुढच्या खोलीतही चांगला उजेड असतो. संध्याकाळी दिवेलागणीला कुणालाही पाठवू नका असं मध्यस्थाला बजावून सांगा. दाखवायचं काम आईंवर टाकू नका. त्यांच्यादेखत कुणी ‘हे पाडावं लागेल’ म्हणतं आणि त्यांचा दिवस जातो. एखादा भाचा, शेजारची वहिनी किंवा मध्यस्थ यांनी फिरवावं, आईंनी परड्यात किंवा शेजारी बसावं. पण विचारलं तर त्यांनी बोलावं. ‘या घरात तीन लग्नं झाली, विहीर कधी आटली नाही’ हे त्यांनी सांगितलेलं मी सांगितल्यापेक्षा जास्त पोचतं.

वडिलांचा हार घातलेला फोटो पुढच्या भिंतीवर असेल तर आतल्या खोलीत, देवघराजवळ लावा. तो उतरवून ठेवा असं मी कधीच सांगत नाही. पण दारात पाऊल टाकताच तो समोर आला की येणारा बिचकतो, आवाज खाली आणतो आणि मोकळेपणाने खोल्या बघत नाही. कपाटांवरचे बॉक्स, पलंगाखालच्या बरण्या, कॅलेंडरं, बक्षिसांच्या ढाली, हे सगळं तुम्ही भावंडांनी एका सुट्टीत एकत्र बसून वाटून घ्या किंवा देऊन टाका. हे काम भाड्याच्या माणसाकडून होत नाही, आणि आईंना एकटीला करायला लावणं तर अगदी चूक. देवघराचा कोनाडा स्वच्छ ठेवा. देव नेल्यावर तिथे समई असू द्या. वास्तुशास्त्रावरून कुणी वाद घातला तर तुम्ही घालू नका, आणि कुणाच्या सांगण्यावरून जिना किंवा दार हलवू तर अजिबात नका. पुढच्याचा सल्लागार वेगळं सांगेल.

गाडीचं आधीच मोजून ठेवा. गल्ली किती फूट रुंद, कार दारापर्यंत येते का, पुढच्या पडवीत दोन दुचाकी बसतात का. येत नसेल तर कार जवळपास कुठे लावता येते ते सांगा. हे फोनवरच कळलं तर पाच जण कमी येतील, पण येतील ते खरे.

फोटो फोनने काढले तरी चालतात. फोन आडवा धरा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून. खोली ताणून दाखवणारी लेन्स वापरू नका, प्रत्यक्षात आल्यावर फसल्यासारखं होतं. दहा-बारा फोटो पुरे: गल्लीतून घर, पुढचं दार, प्रत्येक खोली, ओटा, गच्ची, विहीर. जाहिरातीत जागेचं माप, बांधकामाचं माप, पाणी, खाता (महापालिकेतली मिळकतीची नोंद) कोणता आणि अपेक्षित किंमत एवढं असावं. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहा. पाटीवरही ‘घर विकणे आहे’च्या खाली ‘मने माराटक्किदे’ असू द्या. नोकरीनिमित्त धारवाड, बागलकोटकडून आलेली आणि आता इथेच राहणारी कितीतरी कुटुंबं घर शोधत असतात. ती मराठी पाटीसमोरून रोज जातात आणि तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

आता कागद. यालाही मी घर सजवण्यातच धरते, कारण आपल्या भागात चांगली घरं अडतात ती इथेच. एक फाईल करा आणि घर दाखवतानाच ती टेबलावर ठेवा. त्यात खरेदीपत्र किंवा वाटणीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा, महापालिकेचा ई-खाता (म्हणजे खात्याचा ऑनलाइन उतारा), बोजा दाखला, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, हेस्कॉमचं वीजबिल, बांधकाम परवानगीचा नकाशा, वडिलांचा मृत्यू दाखला आणि वंशावळ. ऑक्टोबर २०२४पासून ई-खात्याशिवाय शहरातल्या मिळकतीचं खरेदीपत्र नोंदवून मिळत नाही, आणि तुमचा खाता अजून वडिलांच्या नावावर असेल तर तो आधी वारसांच्या नावे करावा लागेल. यात वेळ जातो. म्हणून गवंडी बोलवायच्या आधी हा अर्ज द्या, म्हणजे भिंत वाळेपर्यंत कागदही पुढे सरकलेले असतील. गाव पंचायतीतलं घर असतं तर ई-स्वत्तु या पंचायतीच्या ऑनलाइन नोंदीचा नमुना ९ आणि ११ लागला असता.

बेळगावच्या जुन्या घरांचं आणखी एक. हा भाग १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे मूळ दस्त मराठीत, त्याहून जुने मोडीत सापडतात. बँकेच्या वकिलाला ते वाचता येत नाहीत आणि कर्ज लटकतं. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर आणि मग कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून फाईलला लावा. नावांचंही तपासा. आडनाव मराठी दस्तात एक, कन्नड उताऱ्यात दुसरं, आधारवर तिसरं असं सर्रास असतं. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

आणि ताई. वडिलांचं स्वकष्टार्जित घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई आणि तुम्ही तिघं, चौघांचा सारखा हिस्सा आहे. वडिलोपार्जित असेल तरी मुलीचा हक्क आहेच. कर्नाटकाने तो १९९४मध्येच मान्य केला होता, २००५पासून तो देशभर आहे. ‘ताई सही देईलच’ हे घेणाऱ्याला ऐकवू नका, ताईंना एकदा घर दाखवायच्या दिवशी बोलवा. बहीण स्वतः दारात उभी राहून ‘या, बघा’ म्हणते तेव्हा निम्मी शंका तिथेच फिटते. मला तर वाटतं तुमच्या पाहुण्यांनी परत फोन न करण्याचं दुसरं कारण हेच असावं, तुम्हा तिन्ही भावंडांपैकी एकही जागेवर नव्हतं.

खर्चाची मर्यादा विचाराल तर अपेक्षित किमतीच्या शंभर रुपयांत एक, फार तर दीड. त्यातला निम्मा ओलीवर, मग फरशी आणि वायरिंग, उरेल तो रंगाला. कामाचा क्रम आणि वेळ अशी धरा: पाऊस थांबला की गिलावा काढणं आणि खात्याचा अर्ज, दिवाळीनंतर गच्ची आणि शाकारणी, डिसेंबरात पॉलिश आणि रंग, संक्रांतीनंतर पाटी. जूनच्या शाळाप्रवेशाआधी घर बदलू पाहणारी कुटुंबं फेब्रुवारी ते मे या काळातच ठरवतात. पाडव्याला आणि अक्षय तृतीयेला इसार देणारे पुष्कळ असतात. आषाढात आणि पितृपक्षात कुणी पुढे आलं नाही तर किंमत कमी करू नका, ते दिवस तसेच असतात.

किंमत ठरवताना घेणाऱ्याचा वरचा खर्च लक्षात घ्या. पाच टक्के मुद्रांक, त्यावरचे अधिभार, आणि ऑगस्ट २०२५च्या अखेरीस एकावरून दोन टक्के झालेलं नोंदणी शुल्क, मिळून साडेसात टक्क्यांच्या वर जातं. ते त्याने तुमच्या घरासाठी काढलेल्या पैशांतूनच जाणार असतात. व्यवहार पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो एक टक्का कर कापून भरेल, ते आधी माहीत असू द्या. तुमच्या नफ्यावरचा कर वडिलांनी घर घेतलेल्या काळापासून मोजला जातो. २००१च्या आधीची मिळकत असल्याने त्या वर्षीच्या एप्रिलमधलं मूल्य सरकारमान्य मूल्यांककाकडून काढून घ्या आणि सीएंना दाखवा. वीस हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीत घेऊ नका, कायद्याने तो चालत नाही आणि दंड रोख घेणाऱ्यालाच, म्हणजे तुम्हाला होतो.

आकडा एकच ठेवा. आपल्याकडे गिऱ्हाईक मध्यस्थाला विचारतं, मग ओळख काढून थोरल्या भावाला फोन करतं, मग निपाणीत ताईंच्या नणंदेच्या ओळखीतून तिथेही विचारतं. तीन ठिकाणी तीन किमती ऐकल्या की तो सगळ्यात खालची धरून बसतो. म्हणून काम काढायच्या आधी तुम्ही दोघे आणि ताई आईंजवळ एकदा बसा, मागायचा आकडा आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो आकडा, दोन्ही लिहून काढा, आणि बोलणी तिघांपैकी एकानेच करायची हेही तिथेच ठरवा. बाकी दोघांनी कुणाचाही फोन आला तरी ‘दादाशी बोला’ एवढंच म्हणायचं. दादा तुम्ही असाल किंवा ताईंनी बोलायचं ठरेल. मला विचाराल तर ताईंकडे द्या. त्या दीड-दोन तासांवर आहेत, बोलावलं की येऊ शकतात.